ग्रेट ब्लास्केट : एका आयरिश बेटगावाचे वाङ्मय व त्याचे संपादक

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला केरी परगण्यातील डिंगल हे द्वीपकल्प अटलांटिक महासागरात शिरलेले आहे. त्याच्या अग्रभागापलीकडे सहा मुख्य बेटांचा एक पुंजका असून त्यांतील सर्वांत मोठे बेट म्हणजे ग्रेट ब्लास्केट. समोरच्या किनाऱ्यावरील डनक्विन ह्या खेड्यापासून ते अवघ्या काही मैलांवर आहे. परंतु मधल्या सामुद्रधुनीतील प्रवाह आणि खडक एवढे घातक, की हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे हे अंतर ओलांडता येत नसे. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमारातील सांता मारिया दे ला रोझा हे जहाज ह्याच सामुद्रधुनीत बुडाले. बेटाच्या ईशान्य उतारावर, मुख्य भूमीकडे तोंड करून, एक गाव वसलेले होते. त्या गावात झाड नव्हते, चर्च नव्हते, दुकान नव्हते, डॉक्टर नव्हता, आणि प्रौढांना मूठमाती देण्याची जागाही नव्हती. प्रेत होडीतून डनक्विनला न्यावे लागे. १९११ च्या शिरगणतीत तेथे १६० माणसे होती. १७ नोव्हेंबर १९५३ रोजी सरकारने गाव उठविण्यास आरंभ केला तेव्हा २२ उरली होती.

एवढ्याशा वस्तीतून, विशेषतः १९२८ ते १९३९ ह्या अकरा-बारा वर्षांत, आयरिश भाषेतील आधुनिक गद्याचे काही प्रमुख ग्रंथ निर्माण झाले. ह्या घटनेचे स्पष्टीकरण सामान्यतः असे दिले जाते की, आधुनिक जगापासून अलिप्त राहिलेल्या एका समाजाची शतकानुशतकांची मौखिक संपदा नष्ट होण्यापूर्वी आपोआप पुस्तकरूपाने प्रकट झाली. हे स्पष्टीकरण आकर्षक असले तरी अपुरे आहे, आणि काही बाबतींत दिशाभूल करणारेही आहे. ब्लास्केटचा प्रत्येक ग्रंथ हा एका विशिष्ट बेटकराची आणि एका विशिष्ट पाहुण्याची गाठ पडल्यामुळे जन्मास आला. त्यावर संपादकांचे हात फिरले. आणि जे हात फिरले ते दिसून येण्यास सत्तर-ऐंशी वर्षे लागली. मौखिक परंपरेतून लिखित ग्रंथ कसा घडतो, ह्याचा शोध घेणाऱ्या भारतीय अभ्यासकांच्या दृष्टीने ह्या गावाचे महत्त्व येथेच आहे.

प्रथम त्या 'अलिप्तते'चा विचार करणे आवश्यक आहे. बेटावरील लोक कुदळीने बटाट्याची शेते खणीत, डोंगरावर मेंढ्या राखीत, जळणासाठी कुजट दलदलीतील 'टर्फ' कापून गाढवावरून आणीत. मासेमारीसाठी त्यांची होडी म्हणजे 'नेव्होग' : लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर डांबर फासलेले कॅनव्हास. ही होडी इतकी हलकी, की किनाऱ्यावर आल्यावर माणसे ती डोक्यावर उलटी घेऊन चालत. हे सारे प्राचीन वाटते खरे. परंतु ह्याच माणसांनी पकडलेले शेवंडे फ्रेंच जहाजे विकत घेत. त्यांच्या बांगड्याला बाहेरची बाजारपेठ होती. आणि पहिल्या महायुद्धात फुटलेल्या जहाजांचा माल त्यांच्या किनाऱ्याला लागे. जवळजवळ प्रत्येक घरातील कोणी ना कोणी अमेरिकेत, बहुधा मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, होते आणि तेथून पत्रे व पैसे येत. १९०७ मध्ये 'कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड' ह्या सरकारी मंडळाने बेट जमीनदाराकडून, म्हणजे अर्ल ऑफ कॉर्ककडून, विकत घेतले, जमिनीची नव्याने वाटणी केली आणि काही नवी घरे बांधली. शाळा तर १८६४ पासूनच होती. ती इंग्रजी शाळा होती ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण ज्या पिढीने आयरिश भाषेत ग्रंथ लिहिले तिला आयरिश अक्षरओळख शाळेने करून दिलेली नव्हती.

गावाला एक 'राजा' होता. हे पद कोणत्याही कायद्याने आलेले नव्हते. समंजस, बाहेरच्या जगाशी बोलता येणाऱ्या माणसाला लोक ते नाव देत. शेवटचा राजा पाद्रिग ओ कहान हा बेटाचा टपालवालाही होता; पत्रांच्या थैल्या तोच डनक्विनहून आणी. १९२९ मध्ये तो वारला आणि त्याच्यामागून कोणाला ते नाव मिळाले नाही. आयरिश भाषेत राजाला 'री' म्हणतात. हा शब्द लॅटिन 'रेक्स' आणि संस्कृत 'राजन्' यांचा सगोत्र आहे. केल्टिक आणि भारतीय परंपरांच्या ह्या दूरच्या नात्यावर आयरिश पंडित माइल्स डिलन यांनी लिहिलेला 'केल्ट्स अँड आर्यन्स' हा ग्रंथ सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. दोन्ही टोकांना कवी आणि पंडित ह्यांच्या वाणीला जे सामर्थ्य मानले गेले त्याचे साम्य डिलन यांना महत्त्वाचे वाटे. ब्लास्केटवर त्याचा अवशेष एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जिवंत होता. तोमास ओ क्रिहन ह्या बेटकराने आपल्या आत्मचरित्रात सांगितलेली एक हकिगत पाहावी : तो तरुणपणी टर्फ कापावयास डोंगरावर गेला असता गावचा वृद्ध कवी शॉन ओ दुन्लेव्हे तेथे येऊन बसला आणि आपले काव्य म्हणू लागला. दिवस वाया जात होता, तरी तोमास ऐकत राहिला. कारण कवीचा अनादर केल्यास तो आपल्यावर निंदाकाव्य रचील अशी त्याला भीती होती. ह्या भीतीत थट्टेचा अंश आहे, पण ती केवळ थट्टा नव्हे.

ह्या तोमास ओ क्रिहनपासूनच (१८५५–१९३७) ब्लास्केटच्या लिखित वाङ्मयाचा आरंभ होतो. तो मासेमार आणि गवंडी होता. डनक्विनच्या मुलांना शाळेत आयरिश पुस्तके मिळू लागली होती. वाऱ्यामुळे तेथे अडकून पडावे लागे तेव्हा ज्या घरी तो उतरे, तेथील मुलांकडून ती पुस्तके घेऊन चाळिशीच्या सुमारास तो स्वतःची भाषा वाचावयास शिकला. १८९३ मध्ये डब्लिन येथे स्थापन झालेल्या 'गेलिक लीग'ने आयरिशच्या पुनरुज्जीवनाची चळवळ सुरू केली होती आणि शुद्ध, अखंड बोली कोठे ऐकावयास मिळेल ह्याचा शोध चालू होता. त्या शोधात पाहुणे ब्लास्केटला येऊ लागले. नाटककार सिंग १९०५ मध्ये आला आणि राजाच्या घरी राहिला. १९०७ मध्ये नॉर्वेजियन भाषाशास्त्रज्ञ कार्ल मारस्ट्रांडर आला. बेटकरांनी त्याला 'लोखलनाख', म्हणजे व्हायकिंग, असे नाव ठेवले. तोमास त्याचा शिक्षक झाला. मारस्ट्रांडरच्या सांगण्यावरून १९१० मध्ये ब्रिटिश म्युझियममधील हस्तलिखितांचे अभ्यासक रॉबिन फ्लॉवर आले आणि आयुष्यभर येत राहिले. त्यांच्या आडनावाचे भाषांतर करून लोक त्यांना 'ब्लॉहीन', म्हणजे लहानसे फूल, म्हणत. १९४६ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांची रक्षा ह्याच बेटावर विखुरण्यात आली. ज्या गावाने आपल्या लोकांच्या अस्थी समुद्रापलीकडे पाठविल्या त्याने एका इंग्रजाची रक्षा ठेवून घेतली हे थोडे चमत्कारिकच म्हणावे लागेल.

परंतु फ्लॉवर यांनी तोमासकडून कथा उतरवून घेतल्या. त्याला लेखक केले नाही. ते काम १९१७ मध्ये आलेल्या ब्रायन ओ केली ह्या किलार्नीच्या गृहस्थाने केले. तोमासच्या मते, लिहावयाचे ते राजे, वीर आणि चमत्कार यांविषयी. मासेमाराच्या दिवसांविषयी कोणी लिहीत नसते. ओ केलीने त्याला पिएर लोतीची ब्रिटनीच्या कोळ्यांवरील कादंबरी आणि गॉर्कीचे आत्मकथन वाचून दाखविले. सामान्य माणसाचे आयुष्यही ग्रंथाचा विषय होऊ शकते हे ज्या दिवशी तोमासला पटले, त्या दिवशी ब्लास्केटचे वाङ्मय सुरू झाले असे म्हणावयास हरकत नाही. म्हणजेच, 'अलिप्त' गावाचे हे पहिले पुस्तक एका फ्रेंच आणि एका रशियन लेखकाच्या आधाराने जन्मले. त्याने प्रथम रोजच्या बोलण्याचालण्याच्या नोंदी, मग आत्मचरित्राची प्रकरणे कागदावर लिहून ओ केलीकडे टपालाने पाठविली. नोंदींचे पुस्तक १९२८ मध्ये आणि आत्मचरित्र, 'अन् तिलॉनाख' म्हणजे 'बेटकर', १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींचा संपादक 'अन् शाउक' ('ससाणा') ह्या टोपणनावाने लिहिणारा केरीचाच एक लेखक होता.

'बेटकर'चे गद्य वाचकाला पहिल्याने कोरडे वाटण्याचा संभव आहे. तोमासला दहा मुले झाली. बहुतेक त्याच्या डोळ्यांसमोर गेली. एक मुलगा कड्यावरून पक्ष्याचे पिल्लू धरावयास गेला तो खाली कोसळला. दुसरा, डॉनल, १९०९ च्या उन्हाळ्यात डब्लिनहून आलेल्या एका तरुणीला बुडताना वाचवावयास गेला आणि दोघेही बुडाले. ह्या सर्व मृत्यूंना पुस्तकात मिळून एखाद-दुसरे पान मिळाले आहे. एका मेंढीचा किंवा सीलच्या शिकारीचा प्रसंग मात्र पाने भरून येतो. हा संयम भावनेचा अभाव नव्हे हे दाखविणारा पुरावा पुस्तकातच आहे, पण तो दिसण्यासाठी वाचकाला गाणी ठाऊक असली पाहिजेत. तरुणपणी तोमासचे मन शेजारच्या बेटावरील एका मुलीवर बसले होते. बहिणीने मध्ये पडून त्याचे लग्न राजाच्या बहिणीशी, म्हणजे पुढील राजा झालेल्या पाद्रिगच्या बहिणीशी, १८७८ मध्ये लावून दिले. निवेदनात तक्रारीचा शब्द नाही. मात्र आपल्या लग्नात आपण कोणते गाणे म्हटले एवढे तो सांगतो : 'काश्लॉन ई नेल'. आयरिश भाषिक वाचकाला लगेच कळते की हे टाकून दिलेल्या प्रेमाचे विलापगीत आहे. नवरदेवाने स्वतःच्या लग्नात ते म्हणावे ह्यातच सारे येऊन जाते. फ्लॉवर यांच्या १९३४ च्या इंग्रजी अनुवादात गाण्याचे नाव तेवढे आले, त्यामागचे दुःख येऊ शकले नाही. मौखिक परंपरेत वाढलेला लेखक वाचकाला श्रोता समजतो, आणि श्रोत्याला अर्धे माहीतच असते. अनुवादात हरवते ते हे अर्धे.

आता संपादनाचा प्रश्न. १९२९ च्या प्रतीला बराच काळ तोमासचा मूळ शब्द म्हणून मान होता. १९७३ मध्ये त्याचा नातू पाद्रिग ओ मीलोन याने दुसरी आवृत्ती काढली. परंतु हस्तलिखिताशी ताडून तयार केलेली शॉन ओ कोलॉन यांची प्रत २००२ मध्ये आली, तेव्हा मूळ संपादकाने किती बदल केले होते ते उघड झाले. बेटावरच्या मुलींची धीट चेष्टामस्करी, शरीराविषयीची मोकळी भाषा असे जे जे नव्या राष्ट्राच्या आदर्श शेतकऱ्याला शोभले नसते, ते 'ससाण्या'ने वगळले होते. १९२२ मध्ये स्वतंत्र झालेल्या राज्याला आयरिशभाषी खेडूत हा निर्मळ, धर्मशील आणि सोशिक हवा होता. उलट दिशेने, घरे आणि राहणी यांविषयीचे वर्णन संपादकाच्या मागणीवरून लिहिले गेले. ज्या अखेरच्या प्रकरणामुळे पुस्तक जगभर प्रसिद्ध झाले, आणि ज्यातील एक वाक्य पुढे संपूर्ण गेलिक जगाचे मृत्युलेख म्हणून उद्धृत होत राहिले, तेही पुस्तकाला योग्य शेवट हवा ह्या संपादकाच्या आग्रहातून आले. म्हणून ते वाक्य खोटे ठरत नाही. तोमासनेच ते लिहिले. पण 'मरणाऱ्या समाजाचा अंतिम उद्गार' म्हणून त्याची जी महती गायिली जाते ती ओ कोलॉन यांच्या प्रतीनंतर जपूनच गाणे बरे. २०१२ मध्ये गॅरी बॅनिस्टर व डेव्हिड सोबी यांनी ह्या संपूर्ण पाठाचा इंग्रजी अनुवाद केला. इंग्रजी वाचकाला तोपर्यंत फ्लॉवर यांच्या द्वारे 'ससाण्या'चाच तोमास मिळत होता.

दुसरा ग्रंथकार मुरिश ओ सुलेवान (१९०४–१९५०) ह्याची कथा अधिक विलक्षण आहे. लहानपणीच आई वारल्याने तो डिंगल येथील एका आश्रमात वाढला. तेथे त्याची भाषा इंग्रजी होती. सातव्या वर्षाच्या सुमारास तो आजोबांकडे बेटावर आला आणि मग आयरिश शिकला. ज्याला आयरिश भाषेचा अस्सल पुत्र मानतात, त्याची पहिली भाषा अशा रीतीने दुसरीच होती. १९२३ मध्ये केंब्रिजचा तरुण विद्यार्थी जॉर्ज थॉमसन बेटावर आला. दोघांची मैत्री जडली. अमेरिकेला निघालेल्या मुरिशला थॉमसनने पोलीस दलात जाण्यास प्रवृत्त केले, आणि तोच त्याच्या लेखनाचा संपादक व इंग्रजी अनुवादकांपैकी एक झाला. 'फिहे ब्लिअन एग फॉस' हे पुस्तक १९३३ मध्ये आले. नावाचा अर्थ 'वाढीची वीस वर्षे'. 'फिहे' आणि आपला 'वीस' हे दोन्ही शब्द एकाच मूळ संख्यावाचकापासून निघालेले आहेत. त्याच वर्षी थॉमसन आणि मोया लुएलिन डेव्हिस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला. त्याला प्रास्ताविक टीप होती ई. एम. फॉर्स्टरची, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी 'अ पॅसेज टू इंडिया' लिहिणाऱ्या लेखकाची. नवाश्मयुगीन संस्कृतीचे आतून घडलेले दर्शन अशा आशयाने फॉर्स्टरने ह्या पुस्तकाची शिफारस केली. प्रशंसा मनापासून होती यात शंका नाही. तथापि ज्याचा लेखक त्या सुमारास गणवेश घालून कॉनेमारात पोलिसाची नोकरी करीत होता, त्या पुस्तकाला नवाश्मयुगीन म्हणणे म्हणजे लेखकाला त्याच्याच काळातून हद्दपार करणे होय. चंद्रपोरच्या कथेत दुसऱ्या समाजाला समजून घेण्याच्या मर्यादा ज्याने इतक्या बारकाईने दाखविल्या, त्यालाही येथे त्या मर्यादा ओलांडता आल्या नाहीत.

थॉमसनने स्वतः मात्र ह्या गावाकडून वेगळा धडा घेतला. पुढे तो बर्मिंगहॅम येथे ग्रीकचा प्राध्यापक आणि मार्क्सवादी विचारवंत म्हणून प्रसिद्ध झाला. निरक्षर वृद्धांच्या साध्या बोलण्यातही लय आणि प्रतिमा सहज येतात हे त्याने ब्लास्केटवर ऐकले, आणि होमरची भाषा ही एखाद्या एकाकी प्रतिभेची करामत नसून बोलणाऱ्या समाजाची भाषा आहे हे त्याला तेथे कळले. १९४५ च्या 'मार्क्सिझम अँड पोएट्री' ह्या त्याच्या पुस्तिकेत ह्या अनुभवाचे वर्णन आहे. अभिजात ग्रीकच्या अध्यापनाला आयरिश खेड्याने दिलेली ही देणगी, ब्लास्केटच्या पुस्तकांइतकीच मोलाची मानावी लागेल.

तिसरे नाव पेग सेयर्स (१८७३–१९५८) हिचे. ती बेटाची मूळ रहिवासी नव्हे. डनक्विनजवळच्या वस्तीत जन्मली आणि १८९२ मध्ये लग्न होऊन बेटावर आली. तिला आयरिश लिहिता येत नसे. तिचे आत्मकथन तिने मुलगा मीहाल याला सांगितले, त्याने लिहून घेतले, डब्लिनच्या मॉयरा नी खिनेदे यांनी त्याचे संपादन केले, आणि १९३६ मध्ये 'पेग' हे पुस्तक निघाले. येथे ग्रंथकर्ती कोण, सांगणारी, लिहिणारा की संपादन करणारी, हा प्रश्न तोमासच्या बाबतीतल्यापेक्षाही अवघड आहे. मुलगा स्वतः कवी होता; आईचे वाक्य कोठे संपते आणि त्याचे कोठे सुरू होते हे मुद्रित पाठावरून सांगता येत नाही. पेगचे दुर्दैव असे की तिचे पुस्तक शालेय अभ्यासक्रमात लागले. परीक्षेसाठी आयरिश सक्तीने शिकणाऱ्या मुलांच्या अनेक पिढ्यांना मृत्यू, दारिद्र्य आणि ईश्वरेच्छा यांनी भरलेले ते पुस्तक म्हणजे आयरिश भाषेविषयीच्या कंटाळ्याचे प्रतीकच वाटू लागले. वास्तविक, १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाच्या शेशव ओ डॉली ह्या संग्राहकाने तिच्याकडून शेकडो कथा उतरवून घेतल्या. त्या संग्रहातील पेग तिखट, विनोदी, प्रसंगी चावट आहे. १९४७ मधील तिच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे २००९ मध्ये पुस्तकासह प्रसिद्ध झाली, तेव्हा पाठ्यपुस्तकातील रडवी म्हातारी आणि ही कथक एकच का, असा प्रश्न पडावा. अर्थात, दोन्ही तीच होती. फक्त समोर बसलेला श्रोता निराळा होता.

ह्या साऱ्या वाङ्मयाचे विडंबनही लवकरच झाले. 'माइल्स ना गोपलीन' ह्या नावाने ब्रायन ओ नोलनने १९४१ मध्ये 'अन् बेल बोख्त' ही आयरिश कादंबरी लिहिली. नावाचा अर्थ, मोघमपणे, 'गरिबीचे रडगाणे'. अखंड पाऊस, अखंड बटाटे, डुकरांसह एकाच खोलीत राहणारी माणसे आणि त्यांची 'अस्सल' बोली टिपावयास आलेले डब्लिनचे भाषाप्रेमी यांची तीत केलेली थट्टा जहरी आहे. तथापि तिचे लक्ष्य तोमास नव्हता. 'बेटकर' हे पुस्तक ओ नोलनला अत्यंत प्रिय होते. त्याचा रोख होता तो वरवर प्रेम करणाऱ्या आणि बोलणाऱ्यांच्या पोटाची चिंता न करणाऱ्या भाषाभक्तांवर. ब्लास्केटविषयी झालेल्या टीकेतील ही सर्वांत खरी टीका होय.

कारण पुस्तके गाजत होती त्याच वर्षांत गाव रिकामे होत होते. तरुण मुली प्रथम गेल्या. त्यामुळे लग्ने थांबली. मग मुले जन्मेनाशी झाली. शाळा १९४१ मध्ये बंद झाली. ज्या साक्षरतेने आणि बाहेरच्या ओळखीने तोमासला लेखक केले, त्याच इतरांना बोस्टन-स्प्रिंगफील्डची वाट दाखवीत होत्या. पेगची मुले अमेरिकेला गेली. १९४६ च्या नाताळात एक तरुण मेंदूच्या तापाने आजारी पडला. समुद्र खवळलेला, डॉक्टर पलीकडे, आणि काही दिवसांतच तो वारला. त्यानंतर पुढील वसंतात, वादळाने अडकून अन्न संपले असता, बेटकरांनी पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना तार करून मदत मागितली. डी व्हॅलेरा स्वतः बेट पाहून गेले. तरीही गाव हलविण्याचा निर्णय अमलात येण्यास आणखी सहा वर्षे लागली. तोमासचा मुलगा शॉन आणि त्याची पत्नी १९४२ मध्येच मुख्य भूमीवर गेले होते. शॉनचे आयरिश पुस्तक १९६९ मध्ये निघाले, तर त्याच्या पत्नीने एका इंग्रज पाहुण्याला अनेक वर्षे लिहिलेली पत्रे १९७८ मध्ये पुस्तकरूप झाली. ती पत्रे इंग्रजीत आहेत. बेटाची शेवटची वर्षे आतून सांगणारा सर्वांत जिवंत कागद इंग्रजीत असावा ही गोष्ट भाषाभिमान्यांना रुचणारी नाही, पण ती नोंदविणे भाग आहे.

गाव उठले, तरी भाषेचा प्रश्न डनक्विनच्या किनाऱ्यावर थांबला नाही. १९७० मध्ये, विद्यार्थिसंख्या कमी म्हणून, सरकारने डनक्विनची शाळा बंद केली. योगायोग असा की त्याच्या आदल्याच वर्षी डेव्हिड लीनच्या 'रायन्स डॉटर' ह्या चित्रपटासाठी तेथील डोंगरावर एक संपूर्ण खोटे गाव, खोट्या शाळेसह, बांधण्यात आले होते. लोकांनी निदर्शने केली, शाळा आपल्या बळावर चालू ठेवली, आणि १९७३ मध्ये सरकारला ती पुन्हा उघडावी लागली. बेटावरील शाळेसाठी कोणी निदर्शने केली नव्हती. तेथे ती करावयास मुलेच उरली नव्हती.

पडक्या घरांचे काय करावयाचे हा वाद मात्र न्यायालयात गेला. १९८९ मध्ये आयरिश संसदेने ग्रेट ब्लास्केट हे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान करण्याचा कायदा केला आणि जमिनी सक्तीने संपादन करण्याचा अधिकार शासनास दिला. पण १७ नोव्हेंबर १९५३ पूर्वी बेटावर राहणारे आणि त्यांचे वंशज यांना त्यातून वगळले. नंतर जमिनी विकत घेतलेल्यांना वगळले नाही. ह्या नव्या मालकांनी कायद्याला आव्हान दिले. वंशावळीच्या आधारे नागरिकांत असा भेद करणे घटनेला धरून नाही असा निर्णय वरिष्ठ न्यायालयाने १९९८ मध्ये दिला, आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. बेटाचा बराच भाग पुढे शासनाने रीतसर खरेदी केला. दरम्यान समोरच्या किनाऱ्यावर, डनक्विन येथे, ब्लास्केट केंद्राची इमारत उभी राहिली होती. तेथे तोमास, मुरिश आणि पेग यांची पुस्तके अनेक भाषांतील अनुवादांसह मांडलेली आहेत, आणि शेवटच्या मोठ्या काचेतून समुद्रापलीकडचे गाव दिसते.